रंगाऱ्याची तिसरी पेटी

सन एकोणीसशे एकोणचाळीस, माघ महिना, थंडी सरत आलेली. हिंगोलीच्या बाजारात माझं सुतारकामाचं दुकान होतं. शेजारी रहीमचाचा पत्र्याच्या ट्रंका ठोकायचा. माझ्या फळीवर गणपत पेंटर येऊन बसायचा. दुकानांच्या पाट्या अन् देवळांच्या भिंती रंगवणं हे त्याचं पोट. असे तिघं एका जागी बसले की किस्से भुशासारखे साचतात. कितीही झाडा, चार उरतातच.

*

गणपत रंगाच्या बाटल्या गोणपाटात बांधून गावोगाव हिंडायचा. एक दिवस म्हणाला, "मिस्तरी, मला पेटी करा. खांद्याला अडकवता यावी, वर बसता यावं, अन् रंग सांडू नये."

"अजून काही? भाकरी पण थापावी का तिनं?"

पण केली. अस्सल सागवान, पितळी पट्ट्या, बारा कप्पे. माझं काम म्हणजे कामच. गणपतनं पट्टा खांद्याला लावला, उठायला गेला, अन् सरळ मागं आडवा! पाय वर, पेटी खाली.

रहीमचाचा धावत आला. "या अल्ला! मिस्तरी, ये पेटी है की तिजोरी?"

गणपत पडल्या पडल्याच बोलला, "पेटी झ्याक हाय. आता उचलायला बैल द्या."

*

दुसरी पेटी आंब्याच्या हलक्या लाकडाची केली. बाटल्यांपुरती भोकं पाडली. बाटल्या बुडाशी घट्ट बसल्या, पण वर झाकणापर्यंत चार बोटं जागा राहिली. हे मी पाहिलं नाही.

गणपत ती घेऊन जवळच्या गोरेगावला निघाला; वाटभर बैलगाडीनं हिसके दिले अन् बुचं उडाली. बाजाराच्या दिवशी गाडी गावात शिरली, तर मागं लाल धार! एक बाई किंचाळली. लोकांनी गाडी अडवली. "पेटीत कोणाला कापून आणलं रे?"

पेटी उघडली तेव्हा मुडदा निघाला नाही, पण शेजारी ठेवलेला एका कापड दुकानदाराचा धोतरांचा गठ्ठा लालभडक झाला होता. गणपत त्याच्याच दुकानाची पाटी रंगवायला निघाला होता. काम गेलं. दुकानदार ओरडला, "ही पेटी ठोकली कोणत्या गाढवानं?"

गणपत म्हणाला, "म्याच ठोकली."

हे मला चाचाकडून कळलं. मी तापलो. "माझी पेटी आपली म्हणून सांगायला तू सुतार हायस का रे?"

"न्हाई मिस्तरी. पण माझी अब्रू तशीबी धुतली जाऊन राहिली व्हती. त्यात तुमची काहून घालू?"

मी रंधा हातात घेतला अन् तिथून उठलो. त्याचं हे देणं पैशाचं असतं तर त्याच दिवशी फेडलं असतं.

*

तिसऱ्या पेटीच्या कामात मी चाचालाही घेतला. चाचानं आतून पत्र्याचे सरकते खण बसवले, झाकणाखाली नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, गादी लावली. "परखके देखता," म्हणाला, अन् खणाखणात एकेक अंडं ठेवून पेटी घेऊन माळवदावर चढला. मला वाटलं, हलवून पाहील. त्यानं खाली फेकून दिली!

मी खाली धावलो. पेटी उघडली. एकही अंडं फुटलं नव्हतं.

"चाचा, तुमी मोठे उस्ताद!" गणपत म्हणाला. "अंडी कुठून आणली?"

"मिस्तरीके घरसे."

घरी माझी बायको अजून कोंबडीला शिव्या देत होती!

शेवटी सांध्यांमध्ये मी हळद भरली. मुंगी लागू नये म्हणून आमच्या घरात धान्याच्या प्रत्येक पेटीला बापापासून भरत आलो. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

*

गोरेगावनंतर गणपतला कोणी बोलावेना. शिरड शहापूरच्या पुढं लमाणांचा एक तांडा होता, तिथलं देवीचं ठाणं पांढरं करायचं एवढंच काम हाती होतं. तेही गेलं तर ब्रश ठेवून जिनिंगमध्ये कापसाची गाठोडी उचलायची, हे त्यानंच मला सांगितलं. पेटी कशी वागते ते बघायला मी सोबत गेलो.

सगळा तांडा जमला होता. गणपतनं पेटीच्या खणातला वस्त्रगाळ चुना बादलीत ओतला. वरून पाणी टाकलं.

पाणी लाल झालं. रक्तासारखं!

बाया मागं सरकल्या. कोणीतरी ओरडलं, "भानामती!" दोघांनी गणपतचे हात धरले. एका म्हातारीनं बोट बुडवून वास घेतला. "हळद हाय ही. चुन्यात हळद पडली की कुंकू व्हतं, लेकराला बी ठाऊक हाय."

"व्हय," नायक म्हणाला. तो तांड्याचा प्रमुख. म्हातारा, आवाज हळू. "पण देवीच्या चुन्यात हळद टाकली कोणी? अन् कशापायी?"

हळद पेटीतूनच आली, हे गणपतला समजलं होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तोंड उघडायला लागला, तेवढ्यात मी पुढं झालो.

"पेटी माझी. हळद म्या भरली, मुंग्यांसाठी. हिसक्यानं चुन्यात उतरली. ह्याला विचारायला पाहिजे व्हतं, विचारलं न्हाई. चूक माझी हाय."

तोपर्यंतच्या आयुष्यात हे शब्द मी कोणापुढं बोललो नव्हतो.

नायकानं मला खालून वर पाहिलं. मग म्हणाला, "हात सोडा त्याचे. नवा चुना आणा."

चुना मी चाळला. पाणी मी वाहिलं. दिवस कलेपर्यंत ठाणं पांढरंशुभ्र झालं.

गणपत शिडीवरून उतरला, हात पुसले अन् म्हणाला, "मिस्तरी, फिटलं."