शालनताई आल्या आणि सहल त्यांची झाली

बारामतीहून निघालो तेव्हा सकाळचे साडेसहा वाजले होते आणि तरीही गाडीच्या काचा कोमट लागत होत्या. एप्रिल संपत आला होता. सईची दहावीची परीक्षा झालेली, पार्थची आठवीची नुकतीच आटोपलेली. महाबळेश्वरचे तीन दिवस मी गणिताच्या शिक्षिकेला शोभतील असे आखले होते : कुठला पॉइंट किती वाजता, घोडे केव्हा, नौकाविहार केव्हा. कागद पर्समध्ये होता.

आमच्याबरोबर शालनताई होत्या. विलासची, म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. निरवांगीला नवरा-बायको मिळून माळवं (भाजीपाला) करतात. त्यांना मूलबाळ नाही. "तिनं कधी डोंगर पाहिलाच नाही, नेऊ या," असे विलास म्हणाला आणि मी हो म्हटले. नऊवारीखाली पांढरे बूट घालून त्या मागच्या सीटवर दोन्ही मुलांच्या मधोमध बसल्या. फलटण येईपर्यंत सईने कानातले इअरफोन काढून ठेवले होते. मी सांगून सांगून थकते तेव्हाही ती ते काढत नाही.

पसरणीचा घाट चढून वर पोहोचलो. हवा खरोखरच गार होती. मात्र माझा कागद पहिल्याच दिवशी आपटला. पॉइंटवर पार्थने दरीकडे पाठ करून फोनला रेंज शोधली. घोड्यावर बसायला सई म्हणाली, "मी काय लहान आहे?" मक्याची गरम कणसे घेतली, ती दोघांनी अर्धी टाकली. मी ओरडले. विलास नेहमीप्रमाणे दूरचा डोंगर बघू लागला.

दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेला स्ट्रॉबेरीचे रान दिसले आणि शालनताईंनी गाडी थांबवायला लावली. कागदात ते नव्हते. रानात एक म्हातारे बाबा फळे तोडत होते.

"पाणी रोज देता का वो, तात्या?" शालनताईंनी बांधावरूनच विचारले.

"न्हाय, दिसाआड. तुमी रानातल्याच दिसताय."

"व्हय. आमची ढोबळी मिरची हाय, नीरेच्या काठाला."

झाले. पाच मिनिटांत शालनताई आणि दोन्ही मुले वाफ्यात उतरली. "फळाला हात लावू नगं, देठाला धर," असे बाबा पार्थला शिकवत होते. शालनताई सईच्या कानात काहीतरी बोलल्या आणि सई खळखळून हसली. ती हसते तेव्हा तिच्या डाव्या गालाला खळी पडते. ती खळी मी कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. मी बांधावर उभी होते, हातात सगळ्यांच्या चपला. खोटे कशाला सांगू, त्या क्षणी मला माझ्या नणंदेचा हेवा वाटला. साधासुधा नव्हे.

दुपारी वेण्णा तलावावर गेलो. रांगेत पाऊण तास उभी मी राहिले. आमची बोट लागली. पार्थ चढला, सई चढली आणि तिने हात दिला तो आत्याला. "आई, तू बाबांबरोबर मागच्या बोटीत ये ना."

मी म्हणाले, "जा, जा. ज्यांना स्वतःची नाहीत, त्यांना दुसऱ्यांच्या मुलांचे लाड करायला काय जाते?"

हळू म्हणायचे होते. हळू निघाले नाही.

शालनताईंचा एक पाय बोटीत होता, तो त्यांनी बाहेर घेतला. लाइफ जॅकेटचे बंद सोडले. "पोरांनो, तुमी जावा. मी हितंच बसते." सई लगेच खाली उतरली, तिच्यामागून पार्थही. नावाडी म्हणाला, "बसताय का न्हाय कुणी?" कोणीच बसले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी शालनताई हॉटेलच्या पायरीवर एकट्या चहा घेत होत्या. मी शेजारी जाऊन बसले.

"चुकलं माझं, शालनताई."

"लागलं मला. न्हाय लागलं असं म्हणणार न्हाय." त्यांनी कप खाली ठेवला. "पर माझी माफी हितं एकटीजवळ मागू नगा. सईम्होरं (सईसमोर) मागा. तिनं ऐकलंय."

मला राहवले नाही. "ती तुमच्याशी एवढं काय बोलते?"

"ते तिचं हाय. सांगंल तवा ऐका." कप उचलत त्या म्हणाल्या, "वैनी, मला सांगितलं की ते तितंच ऱ्हातं. तुमाला सांगितलं की तुमी लगीच त्येच्यावर उपाय काढता. म्हून पोरं गप ऱ्हात्यात."

मला राग आला. खऱ्या बोलण्याचा येतो तसा.

नाश्त्याच्या टेबलावर मी सगळ्यांसमोर माफी मागितली. वर्गात रोज साठ मुलांपुढे बोलणारी मी, चार माणसांपुढे माझा आवाज कापला. सई ताटाकडेच बघत राहिली, पण उठून गेली नाही.

परतीच्या वाटेवर वाईपासूनच उकडू लागले. बारामतीच्या स्टँडवर निरवांगीकडे जाणारी एसटी लागलेली होती. शालनताई उतरल्या, तशी सईही उतरली. "आई, मी आठ दिवस आत्याकडे जाऊ?" पहिल्यांदाच तिने थेट माझ्याकडे पाहून विचारले. नाही म्हणायला माझ्याकडे चार कारणे होती.

"जा," मी म्हणाले. एसटीच्या खिडकीत दोन डोकी एकमेकींकडे झुकलेली दिसली. हेवा गेला, असे मी म्हणणार नाही. तो माझ्याबरोबरच घरी निघाला होता.

मागच्या सीटवर आता पार्थ एकटाच. त्याने फोन खिशात ठेवला. मग म्हणाला, "आई, मला क्लासला जायचं नाहीये. तिथं मुलं माझी नक्कल करतात. मी बोलताना अडखळतो ना, म्हणून."

मला माहीतच नव्हते. सरांना फोन करणे, क्लास बदलणे, त्या मुलांच्या आयांना गाठणे, तिन्ही उपाय ओठांवर आले. मी ते गिळले.

"मग?" एवढेच म्हणाले.

तो सांगू लागला. थांबत, अडखळत. घर आले, विलासने इंजिन बंद केले, आतली हवा तापू लागली, तरी तो बोलत होता. दार उघडायला आमच्यापैकी कोणी हात पुढे केला नाही.