तिसऱ्याचं जाळं

गोंदियाच्या कोर्टाबाहेर अर्ज टाइप करून देणारे बाबूजी एका जागी कधी बसत नसत. टाइपसुद्धा उभ्यानंच करायचे. समुद्र त्यांनी पाहिलेला नव्हता, पण लढाईत पकडलेल्या जहाजांचा कायदा त्यांना तोंडपाठ होता. चहाचा कप घेऊन येरझारा घालत गिऱ्हाइकाला विचारायचे, "दुश्मनाचं जहाज पकडलं, तं कोणाचं झालं?"

"पकडलं त्याचं," म्हटलं की भडकायचे. "काऊन? कोर्ट सांगेपर्यंत कोणाचंच नाही! अन् त्यात तिसऱ्याचा माल असन, तं तो ज्याचा त्याले वापस!"

एकदा तलावातल्या मासोळ्यांवरून शेजारच्या गावाशी आमची जुंपली आणि आम्ही त्यांचा डोंगा, लाकूड कोरून केलेली होडी, ओढून आणला. बाबूजींना कळलं, तसे ते फुलचूरच्या आपल्या घरून सायकल हाणत आले आणि काठावरच्या त्या डोंग्यात जाऊन बसले. उठेचनात.

"कायले बसून राहिले, बाबूजी?" सरपंचांनी विचारलं.

"डोंग्यातलं जाळं कुठी हाय? ते तं तिसऱ्याच गावच्या एका बाईचं. तिनं त्या गावाले उसनं देल्लं होतं. तिचं काय भांडण तुमच्याशी?"

  अंधार पडल्यावर ते उठले, पँट झटकली आणि निघून गेले.

डोंगा पुढं समझोत्यात परत गेला. जाळं अजून आमच्या घरच्या माळ्यावर आहे. अर्ज हल्ली मी दुसऱ्याकडून टाइप करून घेतो.