पऱ्हाट्यांची गाडी

धुळ्याजवळच्या एका कागद कारखान्यात मी बॉयलर सांभाळतो. जळणासाठी कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या घेऊन एक म्हातारा रोज बैलगाडीने फाटकावर यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. गाडी थांबली की तो आधी बैलांच्या मानेवरून हात फिरवायचा, मग धोतराच्या सोग्याने स्वतःचा घाम पुसायचा.

यंदा आम्ही वाफ गळणाऱ्या नळ्या बदलल्या, वाया जाणारं गरम पाणी पुन्हा बॉयलरकडे वळवलं. जळण बरंच कमी लागू लागलं. साहेबांनी पेढे वाटले आणि बैलगाड्यांचा माल बंद केला. त्याला ते सांगायला मलाच पाठवलं.

भरल्या गाडीला टेकून त्याने सगळं ऐकून घेतलं.

"तुमनं बॉयलर आते कमी पऱ्हाट्या खास, चांगलं शे भाऊ," तो म्हणाला. "पन मना बैलेस्ले हाई कोन सांगी?"

 त्याने गाडी वळवली.

पुढे काही दिवसांनी साक्रीच्या नाक्यावर तो दिसला. गुजरातेत ऊस तोडायला निघालेल्या ट्रकमध्ये, बायकापोरांच्या दाटीत उभा होता. त्याने मला ओळखून हात जोडले. बैलांचं विचारायचं धाडस मला झालं नाही.