बारा कळफलक आणि गंधाची वाटी

१३ जून १९९७, शुक्रवार, सकाळी दहा. कुंभकोणमच्या आमच्या महाविद्यालयात चेन्नईहून जनुकीय तपासणीचा अहवाल आला. संगणकांच्या कळफलकांवर कोणते जिवाणू राहतात, हे डीएनएवरून ओळखायचे होते. महिनाअखेर मी निवृत्त होणार होतो. हे शेवटचे संशोधन. आठ महिने लागले, त्यातले निम्मे वीज येण्याची वाट पाहण्यात गेले.

नमुने व्यंकटरावांनी घेतले होते. ते आमचे प्रयोगशाळा सहायक, तंजावरी मराठी घराण्यातले, जवळच्या गोविंदपुरम्‌ मठातले भजन कधी न चुकवणारे. पुण्याहून आलेल्या माझ्या कानांना त्यांची मराठी जुन्या दप्तरातली वाटे. तोंडी सूचना ते स्वीकारीत नसत. "लिहून द्या, सार. माझ्या कानांचा मलाच भरवसा नाही." स्वतः केलेले प्रत्येक कामही ते वेळेसह वहीत नोंदवीत आणि खाली माझी सही घेत. या सवयीचा मला कंटाळा होता.

अहवालानुसार अकरा कळफलकांवर बॅसिलस कुळातला एकच जिवाणू होता. बारावा, माझ्या खोलीतला, तेवढा वेगळा. त्यावर माणसाच्या त्वचेवरचे जिवाणू. तो नमुना सदोष ठरवून मी लाल शाईने खोडला आणि व्यंकटरावांना हाक मारली.

ते आले ते गंधाची वाटी घेऊनच. दर शुक्रवारी ते संगणकांच्या कळफलकांना गंध लावीत. माझ्या खोलीत हा प्रकार चालणार नाही, असे मी पूर्वीच लेखी बजावले होते. त्यांचे ओले बोट पाहून मी थांबलो.

"हे गंध केव्हाचे?"

"तळाशीं थोडें ठेवतों, त्यांतच नवें घालतों. वाटी रिती करूं नये, आई सांगायची."

"नमुने घेतलेत त्या दिवशीही लावलेत?"

"शुक्रवार होता, सार. आधीं गंध, मग नमुना."

"आणि मला कळवले नाहीत!"

ते वही घेऊन आले. 'सकाळीं साडेनऊ. अकरा यंत्रांस गंध लाविलें.' खाली माझी सही होती.

तपासणी अचूक होती. आम्ही आठ महिने एका वाटीतला जिवाणू ओळखत बसलो होतो, आणि एकमेव खरा नमुना मी खोडला होता. नव्याने आरंभ करण्यास वेळ उरला नव्हता.

"अय्यो, सहीकडे पाहून काय होणार? वाटी तपासूं."

त्यांनी वाटीतून नमुना घेतला, पेट्री डिशमध्ये रेघारेघांनी पसरवला, चिठ्ठी लावून ती उबवणीपेटीत ठेवली. मग वेळेसह नोंद लिहून वही माझ्यापुढे सरकवली. पेन मात्र, मी शेवटची ओळ वाचेपर्यंत, त्यांनी आपल्याच हातात धरून ठेवले.