बंडूकाकांची तुकतुकी

श्यामसुंदर लांजेवार असं नाव विचारलंत, तर जबलपुरात कोणी घर दाखवणार नाही. बंडूकाका म्हणा, पोरंटोरं दारापर्यंत आणून सोडतील. संरक्षण खात्याच्या कारखान्यात काकांची सारी नोकरी यंत्रापुढे उभं राहण्यात गेली. अंगात खाकी, डोळ्यांवर जाड चष्मा आणि कानामागे ग्रीसचा एखादा ओघळ. लग्नकार्याला एकच सफारी. ती इतकी ओळखीची झाली होती, की मांडवात लोक आधी सफारीला हसून दाखवत आणि मग वर काका आहेत का ते पाहत.

अशा माणसाला निवृत्तीनंतर अचानक स्वतःचा चेहरा सापडला.

झालं काय, इंदूरला नोकरी करणारी त्यांची मुलगी अवंतिका गणपतीत घरी आली होती. परत जाताना तिची एक छोटी बाटली न्हाणीघरात राहिली. काकांनी कुतूहलापोटी दोन थेंब गालाला चोळले. सकाळी दूधवाला म्हणाला, "काकाजी, आज तो बड़े चमक रहे हो!"

बिचारा सहज म्हणाला असेल. काका मात्र दुधाचं पातेलं तसंच हातात धरून आरशापुढे गेले आणि बराच वेळ परत आले नाहीत.

मग मोबाइलने त्यांना धरलं. एक बाटली पाहिली की तो आणखी चार दाखवी. सकाळचं निराळं, रात्रीचं निराळं, डोळ्यांखालचं आणखी निराळं. चेहरा तुकतुकीत झाला, तर त्याखाली जुना सदरा कसा चालेल? म्हणून कपडेही येऊ लागले. पोपटांचा शर्ट आला, अननसांचा आला. एक पँट अशी आली, की ती घालून खाली बसता येईना. काका पोहे उभ्यानेच खाऊ लागले.

"काहून उभे आहात?" विभावरीकाकूंनी विचारलं.

"पचन चांगलं होते."

काकू शाळेत मुलांना शिकवून निवृत्त झालेल्या. खोटं बोलणारा कोणता आणि पँट उसवेल म्हणून भिणारा कोणता, हे त्यांना पाठीवरूनही कळे. त्यांनी फक्त सुईदोरा टेबलावर आणून ठेवला.

एवढ्यात मराठी मंडळाने जाहीर केलं, की कोजागिरीला ज्येष्ठांची पेहराव स्पर्धा होणार. काकांनी पहिलं नाव दिलं. दोन दिवस उरले तेव्हा त्यांच्या मनात आलं, की घरात इतक्या बाटल्या असताना एकेकीला कशाला थांबवायचं? त्या सकाळी त्यांनी आधी दाणेदार क्रीमने चेहरा घासला, वर त्वचा उजळवणाऱ्या आम्लाचे थेंब लावले, त्यावर संत्र्याच्या वासाचं काहीतरी, आणि उरलेलं सगळं त्याच्यावर.

दुपारपर्यंत चेहरा लालबुंद झाला. डोळे सुजले. काकूंनी दार उघडून पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

"हसून राहिली तू!" काका कळवळले. "आग होऊन राहिली इथे!"

"हसत नाही हो. चला, डॉक्टरकडे जाऊ."

त्वचेची डॉक्टर प्रणोती मंडळातलीच मुलगी. तिने फोनवर सांगितलं होतं, जे जे लावलं ते घेऊन या. काकांनी ती सगळी दौलत भाजीच्या पिशवीत आणून टेबलावर उपडी केली. प्रणोती एकेक बाटली वाचत गेली आणि तिच्या भुवया वर वर गेल्या.

"काका, यातली एखादी जपून लावली असती, तर चाललं असतं. तुम्ही तर सगळ्यांची पंगत बसवली!"

"मग आता?"

"आता सगळं बंद. हे मलम देते, आग थांबेल. बरं झाल्यावर चेहरा सौम्य साबणाने धुवा, वर साधं क्रीम, बाहेर जाताना उन्हाचं क्रीम. बस."

"बस?" काकांचा आवाज पडला. एखाद्याची बढती रोखावी, तसं त्यांना झालं.

घरी आल्यावर ते पंख्याखाली बसून राहिले. काकूंनी चहा दिला, तोही त्यांनी निवू दिला. मग जमिनीकडे पाहत म्हणाले, "विभा, इतकी वर्षं कारखान्यात सगळे मशीनकडे पाहायचे. माझ्या तोंडाकडे कोणी पाहिलंच नाही. म्हटलं, आता तरी कोणी पाहावं."

काकूंनी निवलेला कप उचलला. मग म्हणाल्या, "अच्छा! मग मी काय भिंतीकडे पाहून राहिले होते?"

काकांना त्या सुजलेल्या चेहऱ्याने नीट हसताही येईना. पण हसले.

काकूंनी कपाट उघडलं. "चलो, उठा. डोळे मिटा आणि कपड्यांवरून हात फिरवा. हाताला जो सदरा बरा लागेल, तोच कोजागिरीला."

पोपट खरखरीत लागले, अननस चिकट. शेवटी हात थांबला तो एका निळ्या सुती सदऱ्यावर. धुऊन धुऊन तो मऊ पडला होता, फक्त कॉलर विरली होती. गणपत शिंप्याने ती उसवून उलटी बसवली. आतली कोरी बाजू वर आली आणि सदरा पुन्हा उभा राहिला.

कोजागिरीला काका मंचावर आले, तेव्हा सूज उतरली होती. नाकाचा शेंडा तेवढा सोलवटलेला. निवेदन करणाऱ्या आलोकने माइक पुढे केला. "काका, या तेजाचं रहस्य?"

"तेज नाही रे बाबा, भाजलं आहे," काका म्हणाले. "घरात होतं नव्हतं ते सगळं एकदम लावलं. आता मलमाशिवाय काहीच लावत नाही, तर बरं वाटून राहिलं. अन् हा सदरा जुना आहे, कॉलर उलटवली. पाहा!" असं म्हणून त्यांनी मान वळवून कॉलर दाखवली.

मंडप हशाने दणाणला. बक्षीस फेटा बांधून आलेल्या बापूसाहेबांना मिळालं. पण आटीव दुधाच्या पेल्यांभोवती घोळका जमला तो काकांपाशी. कोणी आपल्या न वापरलेल्या बाटल्यांची कबुली देत होतं, कोणी गणपत शिंप्याचा नंबर मागत होतं.

याचा परिणाम असा झाला, की काका साधेपणातही वाहवत गेले. लग्नात ओळख ना देख, समोरच्याची बाही चिमटीत धरून विचारत, "सुती का जी?" काकूंना दोनदा माफी मागावी लागली.

"आधी स्वतःला पाहत होते, आता दुसऱ्यांना पाहून राहिले," त्या म्हणाल्या. "तेवढी प्रगती आहे."

परवा सकाळी दोघं नर्मदेच्या ग्वारीघाटावर फिरायला निघाली. काकूंनी फाटकाशी काकांना थांबवलं, कानाच्या पाळीवर राहिलेला क्रीमचा पांढरा ठिपका बोटाने पसरवला आणि चेहरा दोन्ही बाजूंनी नीट पाहून घेतला.

"काय पाहून राहिली?" काका म्हणाले.

"बरा आहे," काकू म्हणाल्या, आणि दोघं रिक्षा पाहायला वळली.