न दिसलेली हिरवी ज्योत

मला लाल आणि हिरवं वेगळं दिसत नाही. सिग्नलला अडत नाही. वरचा दिवा की खालचा, एवढं कळलं की भागतं. अडलं ते पीयूसीच्या पहिल्या वर्षी, म्हणजे अकरावीला, हेब्बाळजवळच्या कॉलेजात, केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये.

सॉल्ट ॲनालिसिस म्हणजे बिननावाची पांढरी पूड हातात द्यायची आणि ती कशाची ते आम्ही शोधायचं. त्यात फ्लेम टेस्ट. प्लॅटिनमच्या तारेवर चिमूटभर पूड घेऊन बर्नरवर धरायची. ज्योत विटकरी लाल झाली तर कॅल्शियम, पोपटी झाली तर बेरियम. मला दोन्ही वेळा तीच मळकट पिवळी दिसायची.

हे कळल्यावर मॅडमनी बाजूला घेतलं. "केमिस्ट्री डोळ्यांचं काम आहे रे. कॉमर्सला जा, अजून वेळ आहे." मॅडम मनाने चांगल्या होत्या, म्हणून जास्तच राग आला. त्यांनी घरीही फोन केला. अप्पा निपाणीकडचे, पीण्या इंडस्ट्रियल एरियात लेथवर काम करायचे. ते म्हणाले, "मॅडम सांगत्यात ते सरी असंल की रं." सरी म्हणजे बरोबर. मी ताटावरून उठलो. मला केमिस्ट्रीच हवी होती. का, ते विचारू नका; आवडती गोष्ट कुणी हातातून काढून घ्यायला लागलं की ती दुप्पट आवडायला लागते.

शेवटी मॅडमशी ठरलं. पुढच्या टेस्टला सॉल्ट बरोबर आलं तर सायन्स, चुकलं तर मुकाट्याने कॉमर्स. ज्योतीचा रंग लॅबमध्ये शेजारी बसणाऱ्या मुलीला विचारायची मुभा मिळाली.

टेस्टच्या दिवशी सगळ्या वर्गाला एकच पूड होती. आमच्या रांगेत तार एकच, हातोहात फिरत आलेली. मी ती ज्योतीत धरली आणि शेजारणीकडे पाहिलं.

"केंपु कणो," ती कन्नडमध्ये पुटपुटली. लाल आहे रे. "कॅल्शियम. लिही आणि सूट."

पुढच्या रांगेतही सगळे कॅल्शियमच लिहीत होते. मला मात्र दुसऱ्याच्या डोळ्यांवर सायन्स सोडायचं नव्हतं. मी पुढच्या टेस्टला लागलो. पूड विरघळवलेल्या परीक्षानळीत पोटॅशियम क्रोमेट घालायचं. कॅल्शियम असेल तर द्रावण नितळ राहतं, बेरियम असेल तर साका बसतो. यात रंग ओळखायची भानगडच नाही. नळी गढूळ झाली की नाही, एवढंच बघायचं. ते मला कुणाहूनही कमी दिसत नाही.

चार थेंब पडले आणि नळी बेसन कालवल्यासारखी गढूळ झाली.

एकीकडे अख्खा वर्ग, दुसरीकडे माझी नळी. मी ती धुतली, पुन्हा केलं. पुन्हा साका. मग मी ठळक अक्षरात 'बेरियम' लिहिलं आणि पेपर नेऊन दिला.

मॅडमनी वाचलं. "ज्योत कुठली दिसली?"

"मला काही दिसली नाही मॅडम. शेजारणीला लाल दिसली."

"मग बेरियम कसं?"

मी नळी पुढे केली. त्यांनी ती उजेडात धरली, हलवली, पुन्हा धरली. मग आमच्या रांगेची तार उचलली आणि नुसतीच, पूड न लावता, ज्योतीत धरली. वर्गात कुजबुज झाली, नुसत्या तारेनेही ज्योत लाल झाली होती. आधीच्या बॅचला कॅल्शियमचं सॉल्ट होतं आणि तार कुणी ॲसिडमध्ये धुतलीच नव्हती. मॅडमनी इतर रांगांच्या तारा पाहिल्या. त्याही तशाच. ज्यांना रंग दिसत होता, ते सगळे त्या रंगावर भाळून मोकळे झाले होते.

मॅडमनी तार ॲसिडमध्ये बुडवून तापवली, पुन्हा बुडवली, पुन्हा तापवली. मग आमची पूड लावून ज्योतीत धरली.

"हसिरु!" अख्खा वर्ग ओरडला. हिरवी! मला अजूनही तीच मळकट पिवळी दिसत होती आणि इतकी सुंदर ज्योत मी आयुष्यात पाहिली नव्हती. छाती अशी भरून आली की मला हसू आवरेना.

"सगळ्यांनी पहिल्यापासून करा," मॅडम म्हणाल्या. स्टुलं करकरली, हुशार म्हणवणारेसुद्धा चडफडत उठले. मीही सवयीने नळी उचलली.

मॅडमनी माझ्या हातातून ती काढून घेतली.

"नीनू कूत्को," त्या म्हणाल्या. तू बस. "तू सायन्सचाच आहेस."