चौदाव्या शतकातला कागद

बी.ए.च्या तीन वर्षांत मी सगळी दुनिया पालथी घातली, तीही बोरी ते जिंतूर एसटीत उभी राहून. पहिल्या वर्षी इजिप्त, दुसऱ्या वर्षी फ्रान्सची राज्यक्रांती, तिसऱ्या वर्षी चीन आणि जपान. बाबा गवंडीकाम करतात, त्यामुळे पिरॅमिडचं त्यांना कौतुक होतं. पण एवढे दगड वर चढवणाऱ्यांच्या भाकरीचं काय, ते पुस्तकात लिहिलंय का, असं ते विचारायचे. आमच्या पुस्तकात नव्हतं. मग असल्या इतिहासाचं आपल्याला काय करायचंय, असं म्हणून ते कूस बदलायचे.

मला एम.ए.ला परभणीला जायचं होतं. बाबांच्या मनात नर्सिंग होतं. मला इंजेक्शन घेतानाच चक्कर येते, मी ते द्यायला लागले तर पेशंटचं काय होईल याचा विचार कुणी करत नव्हतं. शेवटी बाबांनी अट घातली. इतिहासात आपल्या घरचं काहीतरी दाखव, मग परभणीचं बघू. नाहीतर नर्सिंगचा फॉर्म.

तेवढ्यात कॉलेजात स्थानिक इतिहासाचा प्रकल्प आला आणि मी घरातली लोखंडी पेटी उपसली. रेशनकार्डाच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत एक उर्दू कागद होता. कामाचा आहे, जपा, असं आजोबा सांगून गेले होते. कसल्या कामाचा ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. वर शिक्का, खाली आकडे. मोबाईलवर बघून मी आकडे लावले. सन तेराशे पस्तीस. मी तिथंच फतकल मारून बसले. बहमनी राज्य अजून उभं राहायचं होतं आणि आमच्या पेटीत कागद तयार होता.

वर्गात मी हे जाहीर केलं. आमचे सर साताऱ्याकडचे, निजामाची आणि त्यांची ओळख पुस्तकातलीच. त्यांनी चष्मा दोनदा पुसला आणि हा कागद मराठवाड्याचा इतिहास बदलणार, असं सांगून टाकलं. बाबांनी तर पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर उभं राहून सांगितलं की आमच्याकडे सातशे वर्षांपूर्वीचा कागद निघालाय, बहुतेक इनामाचा. दोन दिवसांत चुलते घरी आले. इनामाची जमीन कुठं आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, पण वाटणी कशी करायची यावर मात्र चहाच्या तीन फेऱ्या झाल्या.

सरांनी मजकूर वाचून आणायला सांगितला. कॉलेजसमोर झेरॉक्सचं दुकान चालवणारे चाचा उर्दू शाळेतून मास्तर म्हणून रिटायर झालेले. त्यांनी कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा वाचला.

“बेटा, हा फसली सन हाय. निजामाच्या कचेरीत हाच चालायचा. ह्याच्यात पाचशे नव्वद मिळव.”

मिळवले. एकोणीसशे पंचवीस.

वर त्यांनी विचारलं की हा छापील फॉर्म आहे, हे तुला दिसलं नाही का. छपाईच्या शोधावर मी परीक्षेत पाच पानं लिहिली होती. युरोपात ती पंधराव्या शतकात आली, हे मी झोपेतही सांगितलं असतं. मग चौदाव्या शतकातल्या कागदावर छापील रेघा कुठून आल्या, हे ना मला सुचलं, ना सरांना, ना वर्गातल्या एकालाही. मजकूर तर त्याहून थोर. पणजोबांची म्हैस पाटलाच्या ज्वारीत शिरली, कोंडवाड्यात गेली आणि दंड भरून सुटली. त्या दंडाची ही पावती.

चाचांनी लिहून दिलेलं मराठी घेऊन मी घरी आले आणि बाबांना सगळं एका दमात सांगून टाकलं. नर्सिंगच्या फॉर्मवर सही करायची मनाची तयारीही झाली होती. बाबा सिमेंटचे हात धूत होते.

“म्हैस कुणाची लिवलीय?”

पणजोबांची, मी म्हणाले. त्यांचं नाव, त्यांच्या बापाचं नाव, गाव, आणि पुढं मालक.

“नीट बघ. राखणारा न्हाई ना लिवलं?”

मी नीट बघितलं. मालकच होतं.

बाबा ओल्या हातांनीच खाली बसले. आपल्या लोकांनी दुसऱ्याची गुरं वळली, आपल्या दावणीला कधी एक शेपूटही नव्हतं, असंच ते लहानपणापासून ऐकत आले होते. त्यांनी मला ते पुन्हा वाचायला लावलं. मग आईला बोलावून तिच्यासमोर वाचायला लावलं. ऐकता ऐकता ते हसत होते आणि डोळेही पुसत होते. पाटलाचीच ज्वारी खाल्ली ना, हे त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

“असले कागद अजून कुठं कुठं पडले असतेल. ते हुडकायचं परभणीला शिकवतेत का?”

शिकवतात की, मी म्हणाले. खरं तर मला काहीच माहीत नव्हतं.